गणपतीसाठी मंडळाचे चाळीस टी-शर्ट घरच्या इस्त्रीवर छापता येतील का?

तुमचं मंडळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, टी-शर्ट चाळीस, रंग भगवा, घरी टँकवाला इंकजेट प्रिंटर आणि साधी इस्त्री; ट्रान्सफर पेपर (छापलेलं चित्र इस्त्रीनं कापडावर उतरवणारा कागद) आणून घरीच उरकावं का, असं विचारलंय. चार-पाच असते तर बिनधास्त करा म्हटलं असतं. चाळीस नको. इस्त्रीचा दाब प्रत्येक शर्टावर सारखा पडत नाही, आणि मिरवणुकीत चाळीस जण रांगेत उभे राहिले की कुणाचं अक्षर फिकं, कुणाचा कोपरा उचललेला, हे लांबनं दिसतं. मोठ्या लॉटला बेळगावात डीटीएफ (डिझाइन फिल्मवर छापून ते उष्णतेनं कापडावर चिकटवायची पद्धत) करून घ्या. त्यात रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर असतो, त्यामुळं भगव्यावर, काळ्यावर कशावरही रंग खुलतो. हीट प्रेसवर (तापवून सारखा दाब देणाऱ्या यंत्रावर) साधारण 150 अंशाला दहा-पंधरा सेकंदांत एक शर्ट होतो.

तरी बालगोपाळांचे पाच-सहा घरी करून बघायचे असतील तर सांगतो.

कागद दोन जातींचा मिळतो: फिक्या रंगाच्या कापडासाठीचा आणि गडद रंगाच्या कापडासाठीचा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. फिक्या कापडाचा कागद पारदर्शक, म्हणजे डिझाइनमध्ये जिथं पांढरं आहे तिथं शर्टाचाच रंग दिसणार. भगव्यावर काळी अक्षरं त्यानं झकास येतात. निळं काढायला गेलात तर मळकट येतं. हा कागद पालथा ठेवून दाबायचा असतो, म्हणून छापताना आरसा-प्रतिमा करायची. गडदवाल्याला पांढरा पाया असतो. तो सुलटा छापायचा, मागचा कागद आधी सोलायचा, चित्र वर ठेवून त्यावर पाकिटातला सिलिकॉनचा कागद घालून इस्त्री. पण गडदवाल्यात न कापलेली जागा पांढरी राहते, त्यामुळं अक्षर न् अक्षर कापावंसं वाटेल, पण 'श्री'ची वेलांटी आणि अनुस्वाराचा ठिपका सुटा कापत बसू नका. सगळ्या शब्दाभोवती एकच गोलसर कड ठेवून कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो. अक्षर जाडच घ्या. बारीक शिरोरेषा चार धुण्यांत तडकते.

ऑफिसातल्या लेझर प्रिंटरात हा कागद घालू नका, आत वितळून रोलरला गुंडाळतो. बऱ्याच टँक प्रिंटरात काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक कणांची) आणि रंगीत शाई डायची (विरघळणाऱ्या रंगाची) असते. डाय पाण्यात पसरते, म्हणून काळंच जास्त टिकतं.

आता खरी मेख. आपल्याकडं गणपती ऐन पावसात येतात. खानापूरची दमट हवा कागदातही शिरते आणि सुती शर्टातही, आणि ती वाफ प्रिंटखाली अडकली की बुडबुडे येतात. पाकीट फोडलं की उरलेले कागद लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. छापलेला कागद चांगला सुकू द्या. शर्ट आधी धुऊन वाळवा (कम्फर्ट वगैरे काही घालू नका), आणि लावायच्या आधी रिकामी इस्त्री फिरवून पुरता कोरडा करा.

इस्त्रीच्या टेबलावर हे काम होत नाही, खालचा स्पंज दाब खाऊन टाकतो. देवघरातला जेवणाचा पाट घ्या, अखंड फळीचा. जोड असला तर त्याची रेघ प्रिंटवर उमटते. वर एकपदरी सुती कापड, पाट जमिनीवर, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाका. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, टाकी रिकामी. घासायची नाही, एका जागी वीस-तीस सेकंद दाबायची, उचलायची, पुढं ठेवायची. स्टीमच्या इस्त्रीला तळाला भोकं असतात, तेवढ्या जागेवर दाब पडत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत थोडी सरकवून धरा. गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मामांची सपाट तळाची जड विजेची इस्त्री तासभर मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर काम दुपारीच उरका. इस्त्री पुरती तापली नाही तर प्रिंट चिकटल्यासारखा वाटतो आणि पहिल्या धुण्यात निघतो.

सोलताना गरम का गार, हे पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. प्रिंट लावल्यावर एक दिवस शर्ट पाण्यात घालू नका. नंतर उलटा करून गार पाण्यात, ब्रश न लावता. प्रिंटवर थेट इस्त्री नको. आणि चकचकीत ड्राय-फिट शर्ट या कामाला घेऊच नका, पॉलिस्टर इस्त्रीच्या कॉटनवरच्या उष्णतेला टिकत नाही.

डीटीएफला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फाँट काढून त्यांचं चित्रासारख्या रेषांत रूपांतर करून) पीडीएफ द्या. श्रीलिपीतली (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली) फाइल तशीच पाठवली आणि पलीकडं तो फाँट नसला तर मंडळाच्या नावाजागी भलतीच चिन्हं येतात. खाली कन्नड ओळ असेल तर तीही कर्व्ह करा, आणि छापायच्या आधी कन्नड वाचणाऱ्याकडनं एकदा वाचून घ्या. ऑर्डर श्रावण लागायच्या आधी द्या, नंतर कुणी फोनसुद्धा उचलत नाही.