लिनक्स अपडेट केल्यावर ग्राफिक्स कार्ड दिसेनासं झालं, फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की उबुंटू 24.04 आहे, एनव्हिडियाचा ड्रायव्हर साइटवरून उतरवून हाताने बसवला होता, आणि परवाच्या अपडेटनंतर स्क्रीन 1024×768 वर अडकलीय, ब्लेंडरला (थ्रीडी सॉफ्टवेअर) कार्ड सापडत नाही. त्या अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला असणार. कार्ड बहुधा ठणठणीत आहे.

आधी खात्री करून घ्या. मशीन रीस्टार्ट करा, ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि जुना कर्नल निवडा. सगळं पूर्ववत चाललं तर निदान पक्कं, शिवाय आजचं कामही अडणार नाही.

हा ड्रायव्हर म्हणजे कर्नलचं मॉड्यूल, कर्नलला जोडला जाणारा तुकडा. ज्या कर्नलसाठी बांधलं, त्याच्याशीच ते जुळतं; कर्नल बदलला की परत बांधायचं. डीकेएमएस नावाची सोय हे आपोआप करते, पण साइटवरची .रन फाइल चालवताना तो पर्याय घेतला नसेल, किंवा नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) मशीनवर नसतील, तर बांधणार कोण? त्यात ही फाइल बसवताना सहसा नूव्हो, म्हणजे कर्नलसोबत येणारा मुक्त ड्रायव्हर, बंद केलेला असतो. एकूण दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मग सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढतो. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसत असेल तर हेच झालंय.

आता नव्या कर्नलमध्ये येऊन टर्मिनलवर 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' द्या (टाइप अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर मॉड्यूल बांधलेलंच नाही. 'की वॉज रिजेक्टेड' आलं तर बांधलंय, पण त्यावर ओळखीची डिजिटल सही नाही म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे मशीनची सुरक्षा-तपासणी, त्याला आत घेत नाही.

तुमचं पहिलं असावं. 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल'ने जुनं काढा, मग 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल'. .रन फाइलवर पॅकेज चढवू नका, लायब्ररींची खिचडी होते आणि ती निस्तरणं मूळ दुखण्यापेक्षा वाईट. उबुंटूच्या पॅकेजांतली तयार मॉड्यूल्स बहुतेक वेळा सही केलेलीच येतात.

दुसऱ्या प्रकारात मी स्वतः आपटलोय. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारला, मी काहीतरी टाकला. रीस्टार्टला निळा स्क्रीन आला. वाटलं बायोसचं काहीतरी असेल, म्हणून 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळा झालो. पुढच्या दोन संध्याकाळी तीन वेगवेगळी ड्रायव्हर व्हर्जन्स बसवून पाहिली आणि प्रत्येक वेळी तोच निळा स्क्रीन तसाच घालवला. तिथेच 'एनरोल मोक' (सहीची चावी मशीनमध्ये नोंदवणं) निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो! तो स्क्रीन दहा सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात की संधी गेली. हुकलीच तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' देऊन परत रीस्टार्ट करा.

शेवटी 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून पाहा, कार्डाचं नाव आणि मेमरीचा तक्ता यायला हवा. नाही आला तर मॉडप्रोबने दिलेला एरर आहे तसा इथे चिकटवा, अंदाजाने दुसरं व्हर्जन बसवत बसू नका.