गरोदरपणातल्या सुरुवातीच्या मळमळीवर औषधाशिवाय काय करता येईल?

तुम्ही ‘गोळ्या नकोतच, नैसर्गिकच सांगा’ असं लिहिलंय, म्हणून लिहायला बसले. आलं तुम्हाला माहीत असणारच. दिवसभरात मिळून ग्रॅमभर सुंठपूड, थोडी थोडी करून, पुष्कळ झाली. मळमळ कमी होते, उलट्या थांबतीलच असं नाही.

पण ज्या बाईला आल्याचा वासच सोसत नाही तिनं काय करायचं? माझं तेच होतं. नणंदबाई रोज सकाळी वाफाळता काढा पुढ्यात ठेवायच्या आणि मी वासानेच बेसिन गाठायची. वर ऐकायचं, “मनावर घेतेस म्हणून होतं. आम्ही नाही का काढले दिवस?” मनावर म्हणे! गर्भ आणि वारेतून येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक मेंदूतलं ओकारीचं केंद्र चाळवतं. आधीपासून ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्रास जास्त, हे २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. ती बातमी मी नणंदबाईंना पाठवली. उत्तर आलं नाही.

मला उपयोग झाला तो पोट रिकामं न ठेवण्याचा. उठण्याआधी अंथरुणातच कोरडा टोस्ट, मग दर दोन तासांनी चार घास, पाणी जेवताना नाही तर मधेमधे घोटघोट. गार अन्नाला वास कमी, म्हणून ते पोटात राहायचं. फोडणी नवऱ्याकडे, स्वयंपाकघराचं दार बंद. आयर्नच्या गोळीनं मळमळ वाढत होती, ती डॉक्टरांनी काही आठवडे थांबवली, फॉलिक ॲसिड चालू ठेवलं.

तरी भागेना तेव्हा त्यांनी ब६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइनची गोळी दिली. गरोदरपणात ती कित्येक वर्षं वापरात आहे आणि सुरक्षित मानली जाते. घरात मात्र “बाळाला बाधेल” सुरू. कपभर कडक काढा बाधत नाही आणि डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी बाधते, हा हिशोब मला अजून कळलेला नाही. पुढे तिसरा महिना सरता सरता, बहुतेकींचं थांबतं तसं, माझंही थांबलं. नणंदबाई श्रेय काढ्याला देतात.

हो, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आलंसुद्धा विचारूनच घ्या. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा, सलाइन लागू शकतं.