वाचकांचे प्रश्न : पिकअप गुंडाळणारी मोटार दमते कशानं?

प्रश्न : आमचं घर मिरजेत. वडील आणि काका सतारी-तानपुरे करतात. मी गिटारची दुरुस्ती करतो आणि वर्षभरापासून इलेक्ट्रिक गिटारचे पिकअपही (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी कॉइल) घरीच गुंडाळतो. यंत्र मीच जोडलंय : शिलाई मशिनची मोटार, पंख्याचा रेग्युलेटर, लाकडी पाटावर स्पिंडल (फिरता दांडा) आणि त्यावर बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ). दोन्हीकडच्या पुल्या सारख्याच मापाच्या, मध्ये गोल पट्टा. पहिली कॉइल मिनिटाला ९०० वेढ्यांनी छान होते. दुसरीच्या मध्यावर वेग ५००-६०० वर येतो. तिसरीला मोटारीला हात लाववत नाही आणि ती जवळजवळ थांबते. तासभर थंड होऊ दिली की पुन्हा पहिल्यासारखी पळते. कार्बन (मोटारीतले ब्रश) नवे घातले, तेल घातलं, फरक नाही. दुकानात म्हणाले, आर्मेचर (मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलंय, मोटार भरावी, म्हणजे तार नव्यानं गुंडाळावी लागेल. भरू का? कॉइल जाड होत जाते तसा भार वाढतो, त्यामुळे असं होतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : भरू नका. सांगलीत माझा मोटारी भरण्याचाच धंदा आहे, तरी हेच सांगतो. तासभर थंड झाल्यावर जी मोटार पहिल्यासारखी पळते, तिचं आर्मेचर सहसा गेलेलं नसतं.

आधी भाराची शंका मिटवू. पिकअपची तार केसासारखी, तिला ताण द्यायचा तो फार तर २५-३० ग्रॅम. बॉबिन लांबट असतं, मध्यापासून टोकापर्यंत साधारण ३ सेंटिमीटर. टोकावर पूर्ण ३० ग्रॅमचा ताण धरला आणि वेग ९०० धरला, तरी लागणारी ताकद एक वॅटसुद्धा भरत नाही. तुमची मोटार कित्येक डझन वॅटची असणार. कॉइल जाड झाली म्हणून ती दमेल, हे शक्यच नाही.

तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : दोन्ही पुल्या सारख्या. म्हणजे स्पिंडल ९०० नं फिरतं तेव्हा मोटारही ९०० नंच फिरते. शिलाईची मोटार मिनिटाला काही हजार फेऱ्यांसाठी केलेली असते. रेग्युलेटरनं तिचा गळा आवळून तुम्ही तिला रांगायला लावलंय, आणि तेही सलग. ८००० वेढ्यांची कॉइल ९०० च्या वेगानं नऊ मिनिटं घेते. शिंप्याकडे हीच मोटार दहा सेकंद पळते, मग कापड फिरवेपर्यंत विसावा घेते. तिची सगळी घडण त्या थांबत-थांबत चालण्याची आहे.

असं रांगताना आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण इलाज त्यातूनच निघतो. मोटार जोरात फिरते तेव्हा ती स्वतःच विजेचा उलटा दाब (उलटं व्होल्टेज) तयार करते आणि आलेल्या व्होल्टेजचा बराच भाग त्याला तोलण्यात जातो. हळू फिरते तेव्हा उलटा दाब अगदी थोडा असतो. मग व्होल्टेजचा मोठा वाटा तांब्याच्या तारेच्या विरोधातच खर्च होतो. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा विरोध सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मोटार ५०-६० अंशांनी तापली तर विरोध २० टक्क्यांच्या आसपास वाढला. पूर्ण वेगात ही वाढ फारशी जाणवत नाही, पण रांगत्या मोटारीत फिरण्यासाठी जो थोडासा दाब उरलेला असतो, तोच ती खाऊन टाकते. त्यात शाफ्टवर पंखा असेल तर तोही हळू फिरणार. वारा कमी, ताप जास्त, वेग आणखी कमी. दुसऱ्या कॉइलच्या मध्यावर तुम्हाला दिसतं ते हेच.

म्हणून पुली बदला. मोटारीवर २० मिलिमीटरची, स्पिंडलवर ८० ची. मग स्पिंडल ९०० असताना मोटार ३६०० नं पळेल, वारा घेईल आणि रेग्युलेटरही बराच उघडा राहील. मोठी पुली विकत शोधू नका. तुमच्या मिरजेत सतारीच्या खुंट्या कातणारे हात आहेत. शिसवीचा तुकडा लेथवर धरून त्याला पट्ट्याची खाच पाडणं त्यांना अवघड नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गावातल्या तंतुवाद्यांच्या घरात आता गिटारचे पिकअप गुंडाळले जाताहेत, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. वेढे मोजायला चुंबक लावलं असेल तर ते मात्र स्पिंडलवरच ठेवा. ते मोटारीवर असेल तर पुली बदलल्यावर आकडा चौपट येईल.

पण पुलीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. माझा अंदाज चुकला तर त्या तुम्हाला वाचवतील.

एक : पट्टा काढा, रेग्युलेटर कमीवर ठेवून मोटार फिरवा, मग वीज बंद करून ती आपल्या आपण किती सेकंद फिरत राहते ते मोजा. थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा. गार असताना सहा सेकंद आणि गरम असताना दोन, असं आलं तर दोष घासण्यात आहे : बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) सुकलाय किंवा शाफ्ट अडकतोय. दोन्ही वेळा जवळपास सारखेच सेकंद आले तर घासण्याचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट अँपिअरची. एवढ्या लहान मोटारीला क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा धरून अँपिअर मोजणारा) लावला तर काटा हलल्यासारखं करतो आणि नेमकं काहीच सांगत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. दोन तारांपैकी एकच तार घ्या, दोन्ही नाही. ती मीटरच्या जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आलेला आकडा दहानं भागा. रेग्युलेटर हलवू नका, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. वेग पडताना अँपिअर वाढत असेल तर मोटारीला काहीतरी मागं ओढतंय, किंवा क्वचित आर्मेचरमध्ये शॉर्ट आहे. वेग पडताना अँपिअरही पडत असेल तर वीज आतपर्यंत पोचण्यात अडचण आहे : तापलेलं तांबं, कार्बन, ढिला जोड, रेग्युलेटर. एवढ्या एका मापानं अर्धा उलगडा होतो. मोटार खोलायच्या आधी मी हे माप घेतो. घरच्या विजेवर काम आहे, म्हणून तार फिरवताना प्लग काढलेला असू द्या.

कार्बनबद्दल थोडं. नवा कार्बन घातला म्हणजे तो बसला असं नाही. कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याचा कॉम्युटेटर गोल, कार्बनचं टोक सपाट. तो सुरुवातीला फक्त कडेवर टेकतो, ठिणग्या मारतो. थोडा वेळ भाराशिवाय फिरवून तो घासून बसू द्यावा लागतो. शिवाय तो आपल्या घरात सहज सरकला पाहिजे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा धागा कणभर सरकला की जवारी (तारेचा गुंजारव) उघडते किंवा मिटते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. कार्बनच्या बाबतीतही तसंच आहे, कणभर घट्ट झाला की स्प्रिंग त्याला ढकलू शकत नाही. कॉम्युटेटरवर तपकिरी चमक असेल तर ती राहू द्या, ती चांगली. काळे डाग असतील तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच काढा. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात.

आणि तेल. 'तेल घातलं' असं लिहिलंत, कोणतं ते लिहिलं नाही. शिलाई मशिनचं असेल तर ठीक, बुशच्या वातीवर दोन थेंब पुरेत. खोबरेल असेल तर पुसून काढा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि मिरजेत पौषातल्या सकाळी तेवढा गारठा असतोच. तेल जास्त झालं तर तेही वाहत कॉम्युटेटरवर येतं आणि कार्बनच्या पुडीचा चिखल करतं.

पट्टा किती ताणावा हे मी एका चुकीतून शिकलो. धंद्यात नवा होतो तेव्हा माधवनगरच्या एक शिवणकाम करणाऱ्या ताई अशीच तापणारी मोटार घेऊन आल्या. मी मीटर न लावता ती भरून दिली. चार दिवसांत त्या परत आल्या, तापणं तसंच. मग पाहिलं तर पट्टा तारेसारखा ताणलेला होता आणि शाफ्ट बुशच्या एकाच बाजूवर घासत होता. पैसे मी परत केले. पण लग्नसराई होती आणि त्यांचे चार दिवसांचे ब्लाउज राहून गेले, ते मला परत करता आले नाहीत. पट्टा मध्यावर बोटानं दाबल्यावर अर्धा-पाऊण सेंटिमीटर दबला पाहिजे.

झालेल्या कॉइल फेकू नका. वेढे नीट मोजले गेले असतील तर वेग कमी झाल्यानं त्या बिघडत नाहीत. लांबट बॉबिन फिरताना तार प्रत्येक फेरीत दोनदा हिसडते आणि हळू वेगात हा हिसडा उलट कमीच असतो.

प्रश्न : एकाच पिकअपची मापं मी डिसेंबरमधल्या सकाळी आणि मेमधल्या दुपारी घेतली. ५.९ किलोओहम होतं, ते ६.४ झालं. आत तार खराब होतेय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. साताऱ्याची १५ अंशांची सकाळ आणि ३८ अंशांची दुपार यांत २३ अंशांचं अंतर आहे. वर सांगितलेल्या हिशोबानं तांब्याचा विरोध ९ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि ५.९ चे ६.४ होतात. आतले वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असते तर आकडा वाढला नसता, घटला असता. वहीत मापाशेजारी तापमानही लिहीत जा.

प्रश्न : पिकअपसाठी '४२ नंबर'ची तार मागवली, ती फारच जाड निघाली. बॉबिनवर अर्धे वेढेही मावले नाहीत. दुकानदारानं फसवलं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : फसवलं नाही. पिकअपवाले ज्याला ४२ म्हणतात तो अमेरिकन गेज, त्यातल्या तांब्याची जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्या बाजारात नंबर म्हणजे एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, त्यातला ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. तुम्हाला जवळचा पडेल तो एसडब्ल्यूजी ४६, ०.०६१ मिलिमीटरचा. दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा, आणि तार घेण्याआधी मायक्रोमीटरनं टोक मोजून घ्या. त्या मापात वरचं इनॅमलही येतं, म्हणून आकडा थोडा जास्त दिसेल.