वृद्धाश्रमासाठी देणगी जमली आहे. टीव्ही घ्यावा की नव्या खाटा? आजी-आजोबांची काळजी खरोखर कशाने सुधारेल?

तुमची आत्या यवतमाळकडच्या वृद्धाश्रमात आहे आणि संस्थेने तुम्हाला समितीवर घेतलंय, म्हणून हा प्रश्न पडला असं तुम्ही लिहिलंय. मी नर्स आहे, वर्धा जिल्ह्यात खेड्यातल्याच एका वृद्धाश्रमात काम करते. माझं मत विचाराल तर दोन्ही राहू द्या. तो पैसा रात्रपाळीला आणखी एक मावशी ठेवायला वापरा.

कारण सांगते. उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्याकडची म्हातारी माणसं पाणी प्यायला मागत नाहीत. वयामुळे तहान कमी लागते हे खरं, पण बऱ्याच जणी मुद्दाम पीत नाहीत. "रात्री कोनाले उठवू, माय?" असं एक आजी मला म्हणाल्या होत्या. संडासला न्यायला कोणी येईल याची खात्री नसली की माणूस संध्याकाळपासूनच पेला बाजूला सारतो. त्यात बीपीसाठी लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतात. मग अंगातलं पाणी कमी होतं, लघवीला जळजळ सुरू होते, आणि एखाद्या दिवशी माणूस एकदम बरळायला लागतो. घरचे म्हणतात, वयच झालं आता. नाही! कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलत असेल तर तो आजारी आहे. पोटात पाणी किती गेलं, लघवी कशी होतेय, पोट साफ आहे का, नवी गोळी कोणती सुरू झाली हे बघायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. झोपेची गोळी देऊन गप्प करायचं नाही, हात खाटेला बांधायचे तर नाहीच नाही. गोळीच्या गुंगीत उठताना माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं.

दुसरी गोष्ट बिनपैशाची आहे. कोणत्या मावशीकडे कोणती माणसं हे ठरवून द्या आणि महिनोन् महिने तसंच ठेवा. रोज तोच हात अंघोळ घालत असेल तर टाचेवरची, माकडहाडावरची लाली लगेच नजरेत येते. बोटाने दाबूनही ती लाली जात नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. त्या जागेवर चोळायचं नाही, हवेची रिंगही ठेवायची नाही, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. उठता न येणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. म्हणून म्हणते, रात्रपाळी.

जेवणाचंही त्याच मावशीला कळतं. दात नसलेल्या बुवांसमोर ज्वारीची कोरडी भाकर ठेवली तर ताट परत येणारच. वरणात कुस्करून द्या, नाहीतर कण्या-ताक द्या. भरवताना ताठ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. महिन्यातून एकदा वजन करा. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं असेल तर कारण शोधलंच पाहिजे.

सरकारी मदतीचं थोडक्यात. ७० वर्षांवरच्या सर्वांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. आश्रमातल्या किती जणांकडे ते आहे बघा. काठी, चष्मा, कानाचं मशीन, कवळी यांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना त्यातून साहित्य मोफत मिळतं. मात्र ऐकू येत नाही म्हटलं की आधी कानातला मळ तपासा, कितीदा तेवढंच असतं. मारहाण, हेळसांड दिसली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीत आधी एवढंच विचारा: रात्री दहा ते सहा किती माणसांमागे किती मावश्या असतात, आणि त्यांचा पगार दर महिन्याला वेळेवर होतो का? पगार थकला की चांगली मावशी सोयाबीनच्या हंगामात शेतावर जाते, आणि तिला दोष देता येत नाही. तिच्या जागी आलेल्या नवीला तुमच्या आत्याची कोणती कूस दुखते हे ठाऊक नसतं.