एसटीपीचं पाणी काचेसारखं दिसते, मग तलाव हिरवा कसा?

भाऊ, तुम्ही विचारलं की नगरपरिषदेच्या एसटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून) तलावात येणारं पाणी स्वच्छ दिसते, वासही नाही, तरी जलपर्णी का माजली. मी यवतमाळकडच्या एका छोट्या प्लांटवर ऑपरेटर आहे, बाटलीभर पाण्यात चिमूटभर युरिया टाकून पाहा, तेही काचेसारखंच दिसते न. लघवीतला नायट्रोजन, मैल्यातला अन् साबण-पावडरीतला फॉस्फरस, म्हणजे तुमच्या तलावाला बारा महिने खताचा डोज चालू आहे. बीओडी (पाण्यातली सडणारी घाण मोजायचा आकडा) उतरला म्हणजे हे पण गेलं असं नसते.

काढायचं काम बॅक्टेरियाच करतात, पण त्यांचं आपसात पटत नाही. एका गटाला हवा लागते, तो अमोनियाचं नायट्रेट करते, एक किलो अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार किलोच्या वर ऑक्सिजन पिते (लाईट बिल तिथंच फुगते). पण नायट्रेट झालं तरी नायट्रोजन पाण्यातच राहिला न बाप्पा. दुसऱ्या गटाला हवा मिळाली नाही की तो नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढते अन् नायट्रोजन वायू होऊन उडून जाते, फक्त त्यासाठी त्याला खायला कच्चं सांडपाणी पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवायच्या टाकीवर) गाळाचे भाकरीएवढे गोळे तरंगायला लागले, काडीनं टोचलं की बुडबुडे सुटायचे अन् गोळा खाली बसायचा. साहेब म्हणे हवा कमी पडून राहिली, दुसरा ब्लोअर (टाकीत हवा सोडायचं मशीन) लाव. लावला, तं आणखीनच गोळे. हवा जास्त म्हणून नायट्रेट जास्त, अन् तळाशी हवा नाही तिथं त्याचा वायू होऊन गाळाला वर उचलत होता. मग एक दिवस अडीच तास लाईट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नाही, कच्चं पाणी उतारानं टाकीत येतच होतं, अन् संध्याकाळी नायट्रेटच्या किटमधला गुलाबी रंग पार फिका, म्हणजे नायट्रेट उतरलं! तेव्हापासून ब्लोअर टायमरवर आहे, बंद असताना गाळ बसू नये म्हणून मिक्सर फिरते, रिटर्न स्लजही (क्लॅरिफायरच्या तळातून हवेच्या टाकीत परत जाणारा गाळ) वाढवला. गोळे बंद झाले.

फॉस्फरसचं वेगळं, तो वायू होऊन उडत नाही. काही बॅक्टेरिया आधी हवा अन् नायट्रेट दोन्ही नसलेल्या टाकीत फॉस्फरस सोडतात, मग हवेत गेले की सोडला त्याच्यापेक्षा जास्त गिळतात, अन् तो त्यांच्या पोटात असतानाच गाळ बाहेर काढावा लागते. बरेच प्लांटवाले गाळच काढत नाहीत, गाळ वाळवायचे बेड भरले म्हणतात, मग फॉस्फरस जाईल कुठं? तुम्ही तिथं जाऊन नुसता बीओडीचा कागद पाहू नका, नायट्रेट-फॉस्फेटचा रिपोर्ट मागा अन् महिन्याला गाळ किती काढता ते विचारा.

तलाव मात्र लगेच निवळणार नाही, तळच्या चिखलात जुना फॉस्फरस बसला असते. अन् जलपर्णी काढली तर दूर नेऊन टाका, आमच्याकडे काठावरच ढीग लावला होता, पहिल्या पावसात सगळा रस परत तलावात.