‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?

एका ताईंचा प्रश्न असा आहे : लंडनच्या साहेबांना अहवाल पाठवला, त्यावर ‘क्वाइट गुड’ एवढाच शेरा आला. खूश व्हावं का? शब्दकोश उघडला तर ‘क्वाइट’चे ‘पूर्णपणे’ आणि ‘बऱ्यापैकी’ असे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले. दोन्ही बरोबर कसे असतील?

ताई, पेढे जरा थांबवा. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण साहेब इंग्रज असतील तर तुमच्या वाट्याला बहुधा दुसरा आलाय. ‘गुड’सारख्या कमीजास्त होऊ शकणाऱ्या विशेषणाआधी ब्रिटिश माणूस ‘क्वाइट’ लावतो तेव्हा तो सहसा एक पायरी खाली उतरतो : ठीक आहे, बरं जमलंय. अमेरिकन माणसाने हेच लिहिलं असतं तर ते ‘व्हेरी गुड’च्या बरंच जवळ गेलं असतं. बोलताना सूर मदतीला येतो. जोर ‘क्वाइट’वर पडला की पाठोपाठ एक न उच्चारलेलं ‘पण’ ऐकू येतं, ‘गुड’वर पडला की मनापासूनची पसंती. ईमेलमध्ये सूर नसतो, तिथेच घोळ होतो.

मराठी माणसाला खरं तर हे अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे ‘बरा’ आहे. पाहुण्याने भाजी चाखून ‘बरी झालीय’ म्हटलं की करणाऱ्याचा चेहरा पडतो. तोच पाहुणा तापातून उठून ‘आता बरा आहे’ म्हणाला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि त्याच ‘बरा’ला ‘च’ चिकटला की ‘बराच’, म्हणजे पुष्कळ!

आता पहिला अर्थ. काही विशेषणांना ‘थोडं’ लावून पाहा. थोडं चांगलं चालतं, थोडं थंड चालतं, पण ‘थोडं अशक्य’? ‘थोडा मेलेला’? जिथे मधल्या पायऱ्याच नाहीत तिथे ‘क्वाइट’ पूर्ण ताकदीने येतो. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य, ‘यू आर क्वाइट राइट’ म्हणजे अगदी बरोबर तुमचं. इंग्रज नुसतंच ‘क्वाइट’ म्हणून मान डोलावतो ते तर शब्दशः आपलं ‘अगदी!’ आणि ‘नॉट क्वाइट’ म्हणजे ‘अगदी तसं नाही हो’.

हा पूर्णतेचा अर्थच जुना. ‘क्वाइट’ निघाला ‘क्विट’मधून, म्हणजे मोकळा, देणं फिटलेला. दोघांची फिटंफाट झाली की इंग्रजीत अजूनही ‘वी आर क्विट्स’ म्हणतात, हिशेब चुकता. मोकळा, स्वच्छ, म्हणून पूर्ण, असा हा प्रवास. आपल्या ‘साफ’चंही तेच झालंय. ‘साफ विसरलो’ म्हणताना झाडूशी काही संबंध नसतो. ‘बऱ्यापैकी’ हा मवाळ अर्थ खूप नंतर आला आणि जुन्याला न हटवता शेजारी बसला.

‘क्वाइट अ फ्यू’ने तर मला एकदा चांगलंच फसवलंय. नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्या मसुद्यावर ‘क्वाइट अ फ्यू एरर्स’ असा शेरा आला. ‘फ्यू’ दिसल्यावर मी खुशीत, चारदोन चुका म्हणजे काय विशेष! पान उलटलं तर दोन्ही समास लालेलाल. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच.

मग सरळ ‘व्हेरी’च वापरावं का, असंही ताईंनी विचारलंय. वापरा, बिनधोक आहे. फक्त तो शब्दही मुळात जोर देणारा नव्हता. जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ एवढाच. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर आपल्या सरदाराला ‘व्हेरी’ म्हणतो ते ‘खराखुरा’ याच अर्थाने. ‘खरं’ म्हणता म्हणता नुसता जोर उरला, जसं आपल्या ‘खरंच छान’मध्ये होतं. जुना अर्थ ‘दॅट व्हेरी डे’मध्ये अजून जिवंत आहे : त्याच दिवशी. तिथे ‘व्हेरी’चं भाषांतर आपल्या एका ‘च’मध्ये मावतं. भीतीच्या शब्दांचीही हीच गत. ‘टेरिबली नाइस’ ऐकून हसू नये, आपल्यालाही सिनेमा ‘भयंकर आवडतो’.

आपली ठेच लागते ती मात्र ‘खूप’मुळे. खूप छान, खूप लोक, खूप आवडलं, एकच शब्द सगळीकडे. इंग्रजीत ‘व्हेरी’ क्रियापदाला असा चिकटत नाही, म्हणून ‘आय व्हेरी लाइक इट’ कानाला टोचतं. तिथे ‘आय लाइक इट व्हेरी मच’ हवं. दुसरी गंमत ‘टू’ची. ‘टू’ म्हणजे खूप नव्हे, अति. ‘द टी इज टू स्वीट’ म्हणजे चहा गोडमिट्ट झालाय, पिववत नाही. यजमानीणबाईंचं कौतुक म्हणून हे वाक्य टाकलंत तर दुसरा कप यायचा नाही. ‘टू गुड यार’ ही आपली कॉलेजकट्ट्यावरची दाद, ती तिथेच शोभते.

तेव्हा ताई, साहेबांना आभाराची ओळ लिहा आणि अहवालात आणखी काय हवं होतं तेही विचारून घ्या. पुढच्या खेपेला शेरा ‘व्हेरी गुड इनडीड’ असा आला, तर तो ‘इनडीड’ इंग्रज माणूस उगाच लिहीत नाही. तेव्हा पेढे आणा.