सहा व्होल्टच्या येझदीला छोट्या एलईडी टेललाइट बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1978 ची येझदी, मागचं मडगार्ड कापून सिंगल सीट केलेली. मूळ टेललाइट काढून ऑनलाइन मागवलेल्या बोटाएवढ्या दोन एलईडी लाइट लावल्या. गाडी स्लोवर (उभी, इंजिन मंद चालू) असली की त्या लुकलुकतात नाहीतर जातात, रेस दिली की मिणमिणत्या लागतात, आणि ब्रेक दाबला तरी फरक कळत नाही. लाइट खराब निघाल्या की वायरिंग चुकलं?

मी सोलापुरात जुन्या दुचाक्यांच्या वायरिंगची कामं करतो आणि माझी स्वतःची येझदीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या अंदाजाने तुमच्या लाइट चांगल्या आहेत आणि वायरिंगही बरोबर असेल. लाइट 12 व्होल्टच्या आहेत आणि गाडी 6 ची आहे, एवढंच.

लाल एलईडी पेटायला साधारण 2 व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या लाइटमध्ये तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडून पुढे करंट आवरणारा एक रेझिस्टर टाकलेला असतो. तिघांचे मिळून 6 व्होल्ट तिथेच झाले. तुमची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी 6.3 च्या आसपास. स्लोवर येझदीचा डायनामो चार्ज करतच नाही, त्यामुळे सगळा भार बॅटरीवर येतो, आणि हेडलाइट चालू असेल तर व्होल्टेज सहाच्या खाली घसरतं. साधा बल्ब अशा वेळी पिवळा पडत जातो, पण जळत राहतो. एलईडीचं तसं नाही, ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की संपलं. रेस दिल्यावर डायनामो 7 च्या वर नेतो तेव्हा रेझिस्टरच्या वाट्याला एखादा व्होल्ट येतो आणि लाइट मिणमिणते. ब्रेकचा फरक न दिसण्याचं कारणही हेच. टेल आणि ब्रेक दोन्ही उपाशी असताना त्यांच्यात फरक कुठून येणार?

तरीही काही काढण्याआधी मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद, चावी चालू, टेललाइट चालू, आणि लाइटच्या दोन वायरींवर व्होल्टेज बघा. मग बॅटरीच्या निगेटिव्हवर एक टोक आणि लाइटच्या अर्थवर (गाडीच्या धातूमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला जाणाऱ्या जोडावर) दुसरं टोक लावा. तिथे 0.2 पेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे, आधी तो सुधारा. मडगार्डला पावडर कोटिंग केलं असेल तर हे हमखास सापडतं. नटाखालचा रंग खरवडलेला नसतो आणि अर्थ गंजलेल्या बोल्टच्या दोन आट्यांवर लटकलेला असतो. मी तर मडगार्डवर विसंबतच नाही. लाइटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी काळी वायर ओढतो. वीस रुपयांची वायर आहे, पण त्यानंतर अर्धी दुखणी राहत नाहीत.

आता उपाय. पूर्ण गाडी 12 व्होल्ट करा असा सल्ला तुम्हाला मिळेलच. डायनामो तोच ठेवून 12 व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणारे बरेच आहेत. चालतं ते, पण चार्जिंग सुरू व्हायला इंजिन जास्त फिरावं लागतं. हायवेवर ठीक आहे. सात रस्त्यापासून पुणे नाक्यापर्यंत सिग्नल आणि रिक्षांमधून जाताना गाडी तेवढी फिरतच नाही आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. शिवाय हॉर्न, हेडलाइट, इग्निशन कॉइल सगळं बदलावं लागतं. दोन टेललाइटसाठी एवढं करू नका.

दुसरा उपाय छोट्या स्टेप-अप मॉड्यूलचा, जे 6 चे 12 करतं. टेलच्या आणि ब्रेकच्या वायरीला एकेक वेगळं लावावं लागतं. तुम्हाला घेतलेल्या लाइटच ठेवायच्या असतील तर हा मार्ग बरा आहे. फक्त त्यावरची कॉइल टू-स्ट्रोकच्या थरथराटाने डाखातून सुटते. बसवण्याआधी ती सिलिकॉनने नीट चिकटवा आणि मॉड्यूल रबरात गुंडाळून सीटखाली ठेवा, मडगार्डखाली नको.

मला स्वतःला पटतो तो तिसरा मार्ग, 6 व्होल्टचीच लाइट बनवून घेणं. तयार 6 व्होल्टच्या लाइट मिळतात, पण कमी. लाइटचं बाहेरचं भांडं आवडलं असेल तर तेच ठेवून आतली पट्टी नव्याने करता येते. तीनऐवजी दोन एलईडींची जोडी करायची. दोघांचे 4 व्होल्ट. चार्जिंगचं जास्तीत जास्त व्होल्टेज 7.2 धरा, उरले 3.2. साध्या 5 मिलिमीटरच्या एलईडीला 20 मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे 3.2 भागिले 0.02 बरोबर 160 ओहम. प्रत्येक जोडीला एक असा रेझिस्टर. बॅटरी 6 वर आली तरी 12 मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे स्लोवरसुद्धा लाइट जात नाही. अशा आठ जोड्या दोन भांड्यांत मिळून बसवा. ब्रेक दाबल्यावर सगळ्यांचा मिळून खर्च सव्वा वॅटच्या आतच. जुना टेलचा बल्ब एकटा 5 वॅट खायचा आणि डायनामो आहे जेमतेम 45 वॅटचा, तेव्हा हेडलाइटलाही थोडा दम मिळतो.

टेल आणि ब्रेक वेगळे दिसण्यासाठी ब्रेकची वायर या आठ जोड्यांना सरळ द्यायची आणि टेलची वायर आणखी एका 120 ओहमच्या आसपासच्या रेझिस्टरमधून. टेल म्हणून प्रत्येक जोडीला अडीच मिलिअँपिअर, ब्रेकला सात-आठ पट. हा फरक डोळ्याला लगेच कळतो. आणि दोन्ही वायरींत एकेक शॉटकी डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, 1एन5819 चालतो. तो विसरलात तर ब्रेकचा करंट उलटा टेलच्या वायरीत शिरतो, आणि दिवसा हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला की पुढे मीटरचा दिवा लागू शकतो. माझ्याकडे एकजण असं लक्षण घेऊन आला होता. तीन मॅकेनिकांनी स्पीडोमीटर उघडून बघितला होता, आणि चूक सापडली टेललाइटमध्ये, या दोन रुपयांच्या डायोडची.

तुमच्याच बांधणीची पण आरएक्स 100 सारखी गाडी असलेलं कोणी हे वाचत असेल तर एक सांगतो. तिथे टेलला मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी येतो. एलईडी उलट्या बाजूने 5 व्होल्टच्या आसपासच सहन करतो, त्यामुळे थेट जोडलेली लाइट काही दिवसांत एकेक ठिपका करून मरते. आधी एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर, मगच एलईडी.

वायर कुठून नेताय हे मला तुमच्या फोटोत दिसलं नाही, पण यावर माझा जीव अडकलाय म्हणून लिहितो. या छोट्या लाइटच्या बोल्टमधूनच वायर आत येतात आणि मडगार्डच्या पोटाशी निघतात. गाडी स्टँडवर असताना टायर आणि वायर यांच्यात चार बोटं जागा दिसते. माझ्याही दिसत होती. तुळजापूरहून परत येताना, रात्री नऊच्या सुमाराला, एका स्कॉर्पिओवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली आणि ओरडला, "अण्णा, मागं लाइटच नाही तुमची!" थांबून टॉर्च मारली तर मडगार्डच्या आतल्या बाजूला टायरने काळी चकचकीत रेघ ओढलेली, आणि त्या रेघेवर दोन्ही वायरी कापल्यागत सोललेल्या. मागे सामान होतं, खड्ड्यात सस्पेन्शन बसलं की टायर तिथपर्यंत पोचत होता. उसाचा हंगाम चालू होता, रस्त्यावर ट्रॉल्या होत्या, आणि मी किती अंतर तसा अंधारात आलो ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसापासून मी मडगार्डच्या कडेला आतून पातळ स्टीलची नळी डाखून घेतो आणि वायरी तिच्यातून नेतो. तुम्हीही दोन वजनदार माणसं गाडीवर बसवून, गाडी दाबून, मग अंतर बघा. वायरीचे जोड पिळून टेप लावलेले नकोत. डाख द्या आणि वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा.

लाइट किती मोठी असावी, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आकार लहान असायला माझी हरकत नाही. कुठून आणि किती अंतरावरून दिसते ते महत्त्वाचं. बऱ्याच 5 मिलिमीटरच्या एलईडींचा झोत अरुंद असतो, नाकासमोर धरली तर डोळे दिपतात आणि जरा बाजूला झालात की काही नाही. आपल्याकडे मागे असतो तो ट्रकवाला किंवा ट्रॅक्टरवाला, आणि तो उंचावर बसतो. म्हणून निम्मे एलईडी रुंद झोताचे, दुधी डोक्याचे घ्या. लाइटचा कोन ठरवताना तुम्ही स्वतः सीटवर बसा आणि दुसऱ्याकडून बोल्ट आवळून घ्या, कारण माणूस बसला की मागची बाजू दबते आणि लाइट आभाळाकडे बघायला लागते. नंतर भर दुपारी, मे महिना असेल तर उत्तमच, गाडी उन्हात लावा, कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि पन्नास पावलं मागे जाऊन बघा. मग तिरकं उभं राहून, मग एखाद्या ओट्यावर चढून. सोलापूरच्या दुपारी दोनच्या उन्हात ज्या लाइटचा ब्रेक कळतो ती कुठेही चालेल. ज्या लाइटचा कळत नाही ती कितीही देखणी असली तरी काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन्ही लाइट मडगार्डच्या दोन टोकांना लावू नका. रात्री लांबून त्या दूरच्या चारचाकीसारख्या वाटतात आणि मागच्याचा अंतराचा अंदाज चुकतो. वीतभर अंतरात ठेवा. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरलाही एक स्विच बसवून घ्या, मूळ गाडीत फक्त मागच्या ब्रेकला असतो आणि गर्दीत आपण पुढचाच जास्त वापरतो. नंबर प्लेटवर पांढरा उजेड आणि मागे एक लाल रिफ्लेक्टर हवाच, बॅटरी बसली तरी तो काम करतो. धुरकट काचेच्या लाइट घेऊ नका.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने फेरबदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टेललाइटपेक्षा मडगार्ड कापणं आणि सीट बदलणं आधी नजरेत येतं. दुसरी गोष्ट, जुलै 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांच्या नंबर प्लेटसह. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. तुमची येझदी 2028 मध्ये पन्नाशीची होईल. ती नोंदणी घेतली की गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कामांसाठीच काढायची, त्यामुळे तुम्हाला ती नकोही असेल. पण कापलेलं मडगार्ड मूळ होतं का? असेल तर कापलेला तुकडा, जुनी टेललाइट, तिचं ब्रॅकेट आणि लाल काच कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. भंगारात देऊ नका. जुनी बाजू पुन्हा उभी करायची म्हटली तर हेच तुकडे शोधत फिरावं लागतं.

तीन आकडे मोजून इथेच लिहा: इंजिन बंद असताना बॅटरीवरचं व्होल्टेज, स्लोवर लाइटच्या वायरींवरचं, आणि अर्धी रेस दिल्यावर तिथलंच. तिसरा आकडा साडेसातच्या वर गेला तर लाइटला हात लावू नका, आधी डायनामोचा कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बघायला हवा, आणि तो कसा सेट करायचा ते मी सांगतो.